हेल्येचा होकार

१९ एप्रिल

नदी अजून गोठलेलीच आहे, तरी आज सकाळी कॉफी पिताना मी विषय काढलाच. म्हटलं, "हेल्ये, या उन्हाळ्यात विंडेल नदीवरून जायचं. वर सॉर्सेलेला कयाक पाण्यात सोडायची आणि वल्हवत वल्हवत थेट आपल्या घरच्या धक्क्याला येऊन लागायचं. चांगला आठवडाभर. फक्त तू आणि मी. येणार?"

हेल्येने इकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत बुडवलेला चीजचा तुकडा चमच्याने काढून खाल्ला, तोंड पुसलं आणि ओठांचा चंबू करून एक छोटा श्वास आत ओढला. फ्शप्. झालं! हा त्याचा 'हो'. तसे इकडे उत्तरेला सगळेच असा हो म्हणतात, मीही म्हणते, पण मी त्यापुढे चार वाक्यं बोलते. हेल्येचं सगळं बोलणं तेवढ्यातच आटपतं. लग्नाच्या वेळीही त्याने असाच हो म्हटला होता. पाद्रीबुवांना म्हणावं लागलं, अरे बाबा, आज तरी तोंड उघड.

माझी एवढीच एक हौस आहे. नोकरीची सगळी वर्षं या नदीकाठच्या रस्त्यावरून मी बस चालवली. सकाळी नदी डाव्या हाताला, परतताना उजव्या हाताला. पोरांना शाळेत सोडलं, म्हाताऱ्यांना बाजाराला नेलं, आणि नदी मात्र काचेतूनच बघितली. हेल्ये लाकडाच्या गिरणीत होता तोवर "पुढच्या वर्षी" चालू होतं. आता तोही घरी, नाताळपासून मीही घरी. दोघांची कयाक शेडमध्ये पडून आहे. ती एकटीने वल्हवता येत नाही, तो बरोबर हवाच.

ही वही प्रवासासाठी म्हणून घेतली, पण सुरुवात आजपासूनच करते. मला कुणाशी तरी बोलायला हवं.

३० एप्रिल

आज वसंताच्या स्वागताची, वालबोर्गची होळी पेटवली गावात. आमचा मुलगा येर्कर उमेओहून आला, फिलिप्पाला घेऊन. दोन वर्षं एकत्र राहताहेत, पण पोरगी आमच्याकडे पहिल्यांदाच आली. मालमोची आहे, पार दक्षिणेकडची. बोलते ते निम्मं मला कळत नाही आणि माझं तिला. पण हसरी आहे.

आगीपाशी सगळे उभे होतो. येर्करने विचारलं, "बाबा, अजून एक सॉसेज घेणार?" हेल्येने केलं, फ्शप्. फिलिप्पाने माझा दंडच धरला.

"इंगेयर्ड! हेल्येला काहीतरी होतंय! श्वास अडकलाय त्याचा!"

"अगं बाई," येर्कर म्हणाला, "त्याला सॉसेज हवंय."

अख्खं गाव हसलं. पोरगी कानापर्यंत लाल झाली. मग म्हणाली, मला शिकवा. हेल्ये तिला समोर उभं करून मास्तरासारखा सांगतो, "आत घ्यायचा. बाहेर नाही. आत." तिने घेतला तो सगळा धूरच आत गेला, आणि ठसक्याने डोळ्यांतून पाणी. हेल्ये हसला, हसला, हसता हसता ओंडक्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. इतका हसलेला मी त्याला कधी पाहिलेलं नाही. प्रवासाच्या बातमीने माणूस खुलला आहे, असं मी येर्करला म्हटलंसुद्धा.

"आई, तू नक्की त्याला विचारलंयस ना?" येर्कर म्हणाला. "नाहीतर बसमध्ये बसवून नेशील, बाकीच्यांना न्यायचीस तसं."

"विचारलंय. हो म्हणालाय."

"बाबा सगळ्यालाच हो म्हणतो."

हे मला लागलं. उगाच का होईना, लागलं.

१६ मे

नदीचं बर्फ सुटलं! आज पहाटेपासून कडकड आवाज चालू होता आणि दुपारी बघते तर मधोमध काळं पाणी. मी धक्क्यावर नाचले. शेजारणीने बघितलं असणार. बघू दे.

लगेच कयाक शेडबाहेर काढायचं ठरवलं. पण हेल्येचे रबरी बूटच पायात जाईनात. मी म्हटलं, या वयात पाय वाढतात का रे कुणाचे? हिवाळाभर खुर्चीत बसून पावांवर ताव मारलास त्याचे हे परिणाम. शेवटी तो घरातल्या चपलांवरच आला. पुढचं टोक त्याने धरलं, मागचं मी. शेडपासून काठापर्यंत उतारच आहे, तरी त्याने तीन वेळा खाली ठेवायला लावली. तिसऱ्यांदा तर उलट्या खोक्यावर बसला तो बसलाच.

मी वैतागून विचारलं, "काय रे, दम लागलाय का? की आळस अंगात भरलाय?"

फ्शप्.

प्रश्न दोन विचारले आणि उत्तर एक आलं. मी दुसऱ्या प्रश्नाचं धरलं. हा माणूस गिरणीत एकट्याने ओंडके फिरवायचा, त्याला एका कयाकचा काय दम लागणार! सरळ म्हटलं, "आळशी आहेस झालं." तो माझ्याकडे बघून जरासा हसला आणि उठला.

आता त्याला नव्या मापाचे बूट घ्यायला हवेत.

२५ मे

डोंगरातलं बर्फ वितळून खाली येतंय, नदी दुथडी भरून वाहते आहे. एवढ्या पाण्यात आमच्यासारख्यांनी उतरायचं नाही, हे मलाही कळतं. मिडसमरचा सण होऊन जाऊ दे, त्या पुढच्या सोमवारी निघायचं असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं.

नकाशा जेवणाच्या टेबलावरच पसरून ठेवला आहे. पहिला मुक्काम ब्लाट्टनिकसेलेच्या खाली, तिथे वाळूचा काठ आहे, बसमधून रोज दिसायचा. मग ब्योर्कसेले. मोठे धबधबे आले की कयाक चाकांच्या गाड्यावर घालून रस्त्याने पुढे न्यायची. हे सगळं मी हेल्येला बोट ठेवून ठेवून सांगितलं. जेवायला पाल्ट केले होते. बटाट्याचे ते गोळे पोटात गेले की कुणालाही गुंगी येते, पण हेल्ये माझ्या पहिल्याच मुक्कामाला घोरायला लागला.

खरं लिहायचं तर मला शंका येते. बरेच दिवस तो पलंगावर झोपत नाही. बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत, उशा पाठीशी लावून, बसल्या बसल्या झोपतो. म्हणतो उजेडाने झोप येत नाही. आता रात्री अंधार असा होतच नाही हे खरं, म्हणून मी जाड पडदे लावले. तरी तो खुर्चीतच. मला वाटतं मी झोपायला गेल्यावरही प्रवासाचंच बोलत राहते आणि तो कंटाळून पळतो.

आज तोंडावर विचारलं. "हेल्ये, खरं सांग. तुला यायचंय ना?"

फ्शप्.

"माझ्यासाठी नाही, तुला म्हणून?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "नकाशा बाजूला कर म्हातारे, कॉफी सांडेल." या माणसापुढे मी हात टेकले. त्याच्या मनातलं काढून घ्यायचं तर कुठून सुरुवात करायची हेच मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

८ जून

आजचा दिवस फार सुंदर गेला!

काठाच्या आतल्या बाजूला जिथे पाणी संथ असतं, तिथे पहिल्यांदा कयाक उतरवली. हेल्ये पुढे, मी मागे. सुरुवातीला आमची वल्ही एकमेकांवर आपटली, मी ओरडले, तो भिजला. मग जमलं. काठावर बर्चची नवी पालवी, कावळ्यांची कावकाव, आणि पाण्यावर आम्ही. काच नाही मध्ये. मला रडूच आलं, पण तो पुढे बसलेला, त्याला कशाला दिसतंय.

थोड्या वेळाने त्याने वल्हं आडवं ठेवलं. मी म्हटलं, "का हो साहेब, मी काय अजून बस चालवतेय आणि तुम्ही प्रवासी?" तर फ्शप्. म्हटलं, "ते बघ बदकं." फ्शप्. "मजा येतेय की नाही?" फ्शप्. पुढे पुढे तर मी काही विचारलं नाही तरी आपला हो, हो, हो. इतका राजी झालेला मी त्याला कधीच पाहिलं नव्हतं. परत येताना सगळं मीच वल्हवलं, पण मला काही वाटलं नाही. असा माणूस बरोबर असेल तर सॉर्सेले काय, मी वर नॉर्वेपासून वल्हवत येईन.

येर्करला फोन करून सांगितलं. म्हटलं, बाप तुझा सगळ्याला हो म्हणतो ना? आज ऐकायला हवा होतास.

१४ जून

आज नवी गोष्ट. हेल्ये पत्रपेटीपर्यंत गेला होता, बराच वेळ झाला तरी परत येईना. खिडकीतून बघते तर रस्त्याच्या कठड्यावर बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, पुढे वाकून नदीकडे टक लावून. मी हाक मारली नाही. शेवटी त्यालाही नदीची ओढ लागली म्हणायची. मला किती बरं वाटलं ते इथे लिहून ठेवते.

त्याचे नवे बूट आले. तेही घट्ट होताहेत. कंपन्या मापं चोरतात हल्ली.

२१ जून, लिकसेले, दवाखाना

कालचं लिहायचं आहे. 

काल मिडसमर. येर्कर आणि फिलिप्पा आले होते. अंगणात टेबल मांडलं, हेरिंग मासे, नवे बटाटे, शेपू, स्ट्रॉबेरीचा केक. हेल्येने नीट खाल्लं नाही. मी केक वाढत होते, येर्कर घरातून खुर्ची आणायला गेला होता. कुणीच काही बोलत नव्हतं.  आणि हेल्ये म्हणाला, फ्शप्.

मी माझं वाढत राहिले. फिलिप्पा त्याच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हेल्ये, तू कुणाला हो म्हणतोयस?"

 पुन्हा फ्शप्.

"इंगेयर्ड, त्याला कुणी काहीच विचारलेलं नाहीये," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती. "मघापासून. मी बघतेय. कुणीच विचारत नाहीये आणि तो हो म्हणतोय."

मी वर बघितलं. केकचा चमचा हातातच. हेल्येचे ओठ निळसर होते. निळसर! कधीपासून होते? तो माझ्यासमोर बसून रोज जेवतो. त्याने टेबलाची कड धरली आणि उठायला गेला, आणि उठता आलं नाही त्याला. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू काहीतरी फोडताना मी त्याला पकडलं आहे.

रुग्णवाहिका यायला फार वेळ लागला. येर्करने त्याला मागून धरून ठेवलं होतं. मी अंगणात इकडून तिकडे फिरत होते, टेबलावरच्या बश्या एकावर एक रचत होते, पुन्हा वेगळ्या करत होते. गाडी आली, त्यांनी मला पुढे बसवलं. माझाच रस्ता. कुठलं वळण कुठे येतं ते मला झोपेतही सांगता येईल. आणि मी हातपाय गाळून दुसऱ्याच्या शेजारी बसले होते, आणि मागून त्याचा आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला माझ्या तोंडून निघत होतं, "काय रे? काय?"

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. म्हणाल्या, हृदय फार थकलंय, रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून पाणी पायांत साचतं, फुप्फुसांत साचतं. त्यामुळे झोपल्यावर गुदमरतो माणूस, बसून झोपावं लागतं. "दम कधीपासून लागतोय?"

मी म्हटलं, "दम असा नाही, तो फक्त हो..."

२२ जून

येर्कर आणि फिलिप्पा घरी गेले आहेत, झोपायला आणि त्याचे कपडे आणायला. जाताना फिलिप्पाने मला मिठी मारली. तिला थँक यू म्हणायचं होतं, पण तिच्यावर रागही आला. त्या पोरीने दोनदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही सगळे तिला हसलो.

हेल्येला नाकातोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावलेला आहे. सकाळी जरा बरा वाटला तेव्हा मी जवळ खुर्ची ओढली.

"हेल्ये, तुला कळत नव्हतं का रे?"

त्याने मुखवटा बाजूला केला. "कळत होतं."

"मग सांगायचं होतंस!"

"सांगितलं की."

"कधी? मला? कधी सांगितलंस?"

"शेडपाशी." एक एक शब्द थांबून. "तू विचारलंस. दम लागलाय का. मी हो म्हटलं."

माझ्या डोळ्यांसमोर तो खोक्यावर बसलेला आला. "मी ते आळसाला धरलं रे."

"माहितीय," तो म्हणाला. "धरू दिलं."

"का?"

त्याने मुखवटा पुन्हा लावला. नर्स आत आली, म्हणाली बोलू नका त्यांच्याशी, दमतात. मी बाहेर बाकड्यावर येऊन बसले. बोलू नका! आयुष्यभर लोक मला हेच सांगत आले, आणि आज पहिल्यांदा ते मला पाळायचं होतं, आणि जमेना. बाकड्यावर बसून मी भिंतीला सांगत होते, अरे नालायका, तोंड उघडायचं होतंस, एकदा, फक्त एकदा, मोठ्याने!

२३ जून

सोमवार. आज निघायचं होतं.

बाहेर स्वच्छ ऊन आहे, वारा नाही. असाच दिवस मी मागत होते.

दिवसभर एकच चाळा चालू आहे. कुठला हो हा हो होता आणि कुठला श्वास होता, ते लावत बसते. बदकांना म्हणाला तो? मजा येतेय का विचारलं तेव्हाचा? एप्रिलमध्ये कॉफी पिताना म्हणाला तो तर खराच असणार, तेव्हा त्याने आधी तोंड पुसलं होतं. की तेव्हाही? एक ओळ लावावी तर दुसरी निसटते. आणि पाण्यावर त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता. तो आनंद आता कुठे ठेवू ते मला समजत नाही. पुढे बसून तो गुदमरत होता आणि मागे मी आनंदाने रडत होते.

"तुला खरंच यायचं होतं का?" एवढं एक विचारायचं आहे. ओठांवर येतं आणि मी परत गिळते. आता तो जे सांगेल ते मोठ्याने सांगेल, आणि मला ऐकून घ्यावं लागेल. धीर होत नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, बरा होईल ना? त्या म्हणाल्या, औषधांना किती साथ देतो ते बघू. मी म्हटलं, मी काय करू? त्या म्हणाल्या, तुम्ही शेजारी बसा.

२५ जून

आज ठरल्याप्रमाणे ब्योर्कसेलेच्या आसपास असतो.

रात्रभर त्याच्या फुप्फुसातलं पाणी उतरवायची औषधं चालू होती. पायांची सूज थोडी कमी दिसते, की मला तसं बघायचं आहे म्हणून दिसते, कोण जाणे. पण आता नवीनच दुखणं. त्याला तहान लागते, आणि पाणी द्यायची परवानगी नाही. दिवसाला ठरलेलं तेवढंच. जास्त दिलं की पुन्हा छातीत साचतं. नर्स सकाळी एका पेल्यात दिवसाचं सगळं पाणी ओतून देते आणि सांगते, पुरवून द्या.

दुपारी पेला जवळजवळ रिकामा झाला होता. हेल्येने डोळे उघडले, जीभ ओठांवरून फिरवली. "पाणी."

"संध्याकाळपर्यंत थोडंच उरलंय रे."

"एक घोट."

मी कापूस ओला करून त्याच्या ओठांवर फिरवला. त्याने कापूस चोखला. लहान मुलासारखा चोखला. मला बघवेना. मग मुखवट्याआडून काहीतरी पुटपुटला. मी वाकले, मुखवटा जरा वर केला.

"नदीवर," तो म्हणाला, आणि थांबला, पुन्हा श्वास जमवला. "ओंजळीने प्यायलो असतो." आणि चक्क हसला. मला चिडवायचं असलं की हसतो तसा. "तिथे तू काय मोजून दिलं असतंस?"

इतकं लांब तो महिनाभरात बोललेला नव्हता. म्हणजे त्याने मनात बघितलं होतं सगळं, वाळूचा काठ, कयाक, ओंजळ. नकाशावर घोरता घोरता बघितलं होतं.  

"दे ना म्हातारे," तो म्हणाला.

मी म्हटलं, नाही. मोठ्याने म्हटलं, नीट ऐकू जाईल असं. त्याने मान पलीकडे वळवली. मग मी पेला उचलला आणि खिडकीच्या पडद्यामागे ठेवला, त्याला दिसणार नाही अशा जागी.